माइक तिसरा, खटखट तीच

"सर, नवीन माइक घेतलो, तरी मागचा आवाज यायलाच आहे."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने 'नवीन माइक' म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. माझ्याकडे गिटार शिकायला येणारी पोरं घरी गाणं रेकॉर्ड करतात, ऐकतात, नाक मुरडतात आणि सगळा दोष माइकवर ढकलून दुसरा मागवतात. महिन्याभराने पुन्हा तेच गाऱ्हाणं. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्या कपाटात तीन माइक आहेत, आणि पहिले दोन ज्या कारणासाठी बदलले ते कारण तिसऱ्यातही जसंच्या तसं ऐकू येत होतं.

माझं घर सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेच्या बाजूला. खोली दहा बाय दहा, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीला खिडकी, खिडकीबाहेर बोळ आणि बोळापलीकडे टॉवेलचा कारखाना. इथे कारखाना म्हणजे यंत्रमाग, हे सोलापूरकराला सांगायला नको. लहानपणापासून मागाच्या आवाजातच झोपत आलो, त्यामुळे ती खटखट कानाला लागतच नाही. उलट माग बंद पडले की जाग येते. सगळा घोळ इथेच होतो. कान सवयीने जे गाळून टाकतो ते माइक गाळत नाही. आपण म्हणतो, "घरात किती शांत होतं, या माइकने बघा काय काय ओढलंय." माइकने जे होतं तेच ओढलेलं असतं.

आधी टिचकी

माइकबद्दल काहीही ठरवण्याआधी रेकॉर्डिंग चालू करा आणि माइकच्या जाळीवर नखाने हलकी टिचकी मारा. मग तशीच टिचकी लॅपटॉपच्या किंवा फोनच्या अंगावर मारा. आता ऐका. लॅपटॉपवरची टिचकी मोठी आली असेल, तर तुमचा नवा माइक स्टँडवर शोभेला उभा आहे आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपच्याच माइकमधून होतंय. हसू नका, माझ्याकडे आलेल्या एका पोराने असं सहा महिने काढले आणि त्यात एक माइक विकूनही टाकला.

लॅपटॉपवर हा घोळ सेटिंगचा असतो. इनपुट म्हणून नवा माइक निवडायचा राहून जातो. फोनवर तो पिनेचा असतो. फोनच्या हेडफोन जॅकला माइकसाठी चार पट्ट्यांची पिन लागते, म्हणजे धातूवर तीन रेघा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कंडेन्सर माइकच्या (विजेवर चालणारा, बारीक आवाजही पकडणारा) सेटच्या पिनेवर बहुतेक वेळा दोनच रेघा असतात. ती खोचली की फोनला वाटतं हेडफोन लावला, आणि तो स्वतःचा माइक चालूच ठेवतो. तीन पट्ट्यांचं चार पट्ट्यांत करणारा छोटा कन्व्हर्टर मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो. 'माइक लावायचा आहे, हेडफोन नाही' एवढं दुकानदाराला स्पष्ट सांगा.

आवाज येतो, पण बारीक आणि लांबून आल्यासारखा? मग माइक कुठल्या बाजूने ऐकतो ते बघा. स्टेजवरचा गोल जाळीचा माइक टोकातून ऐकतो. पण ऑडिओ-टेक्निका एटी २०२० सारखे उभे जाड कंडेन्सर पोटातून ऐकतात. कंपनीचं चिन्ह ज्या बाजूला, ती बहुधा पुढची बाजू. त्याच्या टोकावर तोंड ठेवून आइस्क्रीमच्या कोनासारखं गाणारी मुलं मी पाहिली आहेत. कंडेन्सरमधून काहीच आवाज येत नसेल तर इंटरफेसवरचं, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीवरचं, ४८ व्होल्टचं बटण दाबलंय का ते बघा. ही वीज तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधूनच माइकपर्यंत पोचते. डायनॅमिक, म्हणजे स्टेजवरच्या त्या गोल जाळीसारख्या माइकला ती लागत नाही, आणि धड एक्सएलआर केबल असेल तर ती चालू राहिल्याने त्याचं काही बिघडतही नाही.

आणखी एक लक्षण असं आहे की ते ऐकताच मी कारण सांगतो. गाताना मागचा आवाज येत नाही, पण ओळ संपली, श्वास घ्यायला थांबलो, की खटखट हळूहळू वर चढते. ही माइकची चूक नाही. फोन किंवा ॲप आपोआप गेन, म्हणजे आलेला आवाज किती मोठा करायचा ते, वाढवतंय. शांतता झाली की त्याला वाटतं आवाज कमी पडला, आणि ते गेन वर करतं. याच्या उलट प्रकार म्हणजे गळा स्वच्छ, पण गिटार पाण्यात बुडवल्यासारखी, मध्येच गायब. तिथे 'नॉइज सप्रेशन' चालू असतं. ते बोलण्यासाठी बनवलेलं आहे, वाजत राहणारी तार त्याला पंख्यासारखाच गोंगाट वाटते आणि ते ती पुसून टाकतं. हे दोन्ही बंद करता येतील असं रेकॉर्डिंग ॲप वापरा. लॅपटॉपवर साउंड सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट' नावाखाली जे काही असेल ते सगळं बंद करा.

तीस सेकंद काहीच करू नका

टिचकी पास झाली तर पुढची परीक्षा. जिथे बसून गाता तिथेच बसा, गेन गाण्याला लागतो तेवढाच ठेवा, आणि तीस सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. मग हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐका. जे ऐकू येईल त्याला नाव द्या. खटखट आहे, घुंऽऽ आहे, सूंऽऽ आहे, की पंख्याची घरघर? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे यातल्या फार थोड्यांचं औषध माइकच्या दुकानात मिळतं.

ही परीक्षा वेगवेगळ्या वेळी घ्या. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीभर मोटारी घरघरत असतात आणि त्या दोन तासांत आशीर्वाद देणारा देवही रेकॉर्ड होणार नाही. वर पत्रा असेल तर ऊन उतरल्यावर तो आकसतो आणि टक् टक् वाजतो. संध्याकाळी सहाला गायलेल्या एका कडव्यात मला हा टक् सापडायला दोन दिवस लागले, मी गिटारच्या ब्रिजवर संशय घेत बसलो होतो.

खटखट

आता मुख्य दुखणं. बाहेरचा आवाज येतो म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात: कंडेन्सर टाकून दे, डायनॅमिक घे, तो मागचा आवाज घेत नाही. मीही तो ऐकला. कंडेन्सर बाजूला ठेवून शुअर एसएम ५८ घेतला. हा १९६६ पासून चालत आलेला माइक. त्याच्याबद्दल मला आदर आहे, आजही गळ्यासाठी तोच वापरतो. पण पहिल्या रात्री कंडेन्सरच्याच जागी, तोंडापासून दीड फुटावर लावून गायलो आणि ऐकलं तर खटखट तिथेच. गेन मात्र पार वर गेलेला.

तेव्हा चिडून एक प्रयोग केला. तो प्रत्येकाने एकदा करावा. दोन्ही माइक टेपने शेजारी शेजारी बांधले, दोन्हीची तोंडं एका रेषेत, माझ्या तोंडापासून चार इंचांवर. एकच ओळ गायलो आणि दोन वेगळ्या ट्रॅकवर घेतली. मग दोन्ही ट्रॅकवर गळ्याची पातळी सारखी केली आणि मागाचा आवाज तोलून पाहिला. फरक नावापुरता. कंडेन्सरमध्ये खटखटीची वरची धार, तो 'टक्', जरा जास्त. बाकी तोच कारखाना.

कारण साधं आहे. एटी २०२० ची संवेदनशीलता एसएम ५८ पेक्षा साधारण १७ डेसिबलने जास्त आहे. म्हणजे तेवढा गेन कमी लागतो, इतकंच. संवेदनशीलता ही गाळणी नव्हे. ती गळाही तेवढाच वाढवते आणि मागही. डायनॅमिकमध्ये मागचा आवाज कमी येतो असं जे वाटतं, ते लोक तो ओठाला लावून गातात म्हणून. कंडेन्सर मात्र फोटोत दिसतो तसा लांब, हवेचा धपका अडवणाऱ्या पॉप फिल्टरच्या पलीकडे ठेवतात. फरक अंतराचा आहे, नाव मात्र माइकचं होतं.

अंतराचा हिशोब पाठ करून ठेवा. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की गळा ६ डेसिबलने वर येतो. माग मात्र बोळापलीकडेच राहतात, माइकसाठी त्यांचं अंतर बदलत नाही. दोन फुटांवरून एका फुटावर, तिथून सहा इंचांवर, तिथून चार बोटांवर आलात, म्हणजे तीन वेळा निम्मं केलंत. १८ डेसिबल, एक पैसा न घालवता. एवढा फरक कोणताही महाग माइक देऊ शकत नाही.

जवळ आलं की दोन नव्या अडचणी येतात. पहिली, गळ्याचा खर्ज फुगतो. एकाच दिशेने ऐकणाऱ्या सगळ्या माइकांचा हा स्वभाव आहे. कुणाला तो भारदस्तपणा आवडतो, नाही आवडला तर ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं सॉफ्टवेअरमध्ये कापा आणि त्याच्या जरा वरचंही थोडंसं कमी करा. दुसरी, प, फ, भ म्हणताना हवेचा धपका बसतो. मराठी गाण्यात या अक्षरांना तोटा नाही. माइक तोंडासमोर सरळ न धरता ओठाच्या कोपऱ्याकडे वळवा, म्हणजे हवा बाजूने जाईल. पॉप फिल्टर हवाच असेल तर भरतकामाच्या गोल रिंगवर पातळ मोजा ताणून बसवा, काम तेच होतं.

मग दिशा. कार्डिऑइड, म्हणजे समोरच्याच दिशेने ऐकणारा माइक सर्वांत कमी ऐकतो तो थेट पाठीमागून. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे. याचा अर्थ तुम्ही खिडकीकडे तोंड करून गाणार, आणि माइक तुमच्याकडे व तुमच्या मागच्या भिंतीकडे बघणार. बहुतेक जण इथेच चुकतात. माइकच्या मागच्या भिंतीवर फोम चिकटवतात, कारण कॅमेऱ्यात तीच भिंत दिसते. माइकला दिसते ती तुमच्या पाठीमागची. जे काही टांगायचं ते तिथे टांगा.

खटखटीचा एक भाग मात्र हवेतून येतच नाही, तो जमिनीतून येतो. फरशीवर तळवा ठेवलात तर जाणवतो. माइकचा स्टँड थेट फरशीवर असेल तर ती थरथर पाइपातून वर चढते. स्टँडखाली चादर चार घड्या घालून ठेवा. टेबलावरचा छोटा स्टँड असेल तर तो लॅपटॉपच्या टेबलावर ठेवू नका. एवढ्याने माझ्या रेकॉर्डिंगमधला खालचा 'धड् धड्' गेला. 'खट्' राहिला, पण तो गळ्याखाली दबतो.

घुंऽऽ आणि सूंऽऽ

एकसारखा खर्जातला घुंऽऽ म्हणजे विजेचा तंबोरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून तो ५० वर आणि त्याच्या पटीत, १०० वर, १५० वर वाजतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. घुं गेला तर माइक निर्दोष सुटला, दोष चार्जर आणि अर्थिंग यांच्यात आहे. जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नसते. वायरमनला बोलावून तेवढं करून घ्या. अर्थिंगची पिन कापून घुं घालवण्याचा जुगाड करू नका, तो जिवाशी खेळ आहे. इलेक्ट्रिक गिटार लावली असेल आणि तारांना हात लावताच घुं कमी होत असेल तर तेही अर्थिंगकडे आणि गिटारच्या आतल्या जोडणीकडेच बोट दाखवतं. स्वस्त इन्व्हर्टरवर तर पंखासुद्धा घुमतो, तिथे माइक बिचारा काय करणार.

सूंऽऽ वेगळा. तो गेनचा असतो. हल्ली सगळ्यांना पॉडकास्टमध्ये दिसतो तो शुअरचा डायनॅमिक, एसएम ७बी, हवा असतो. उत्तम माइक आहे, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. फोकसराइट स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत जास्तीत जास्त ५६ मिळतो, चौथ्या पिढीत ६९. जुन्या इंटरफेसला तो जोडून कुणी हळुवार भावगीत गायलं तर गेनचं बटण शेवटापर्यंत फिरवावं लागतं आणि सूं वर येतो. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांसाठी ठीक आहे. गुणगुणणाऱ्याने आधी इंटरफेस कोणता आहे ते बघावं.

कंडेन्सरच्या स्वतःच्या सूंचे आकडे खोक्यावर असतात. एटी २०२० चा २० डेसिबल, रोड एनटी १ च्या पाचव्या पिढीचा ४. ऐकायला फरक मोठा. पण रात्री शांत वाटणारी खोलीसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास असते, आणि आमच्या बोळात शांत रात्र हा शब्दच सापेक्ष आहे. चारचा माइक माझ्या खोलीत कारखाना जास्त स्वच्छ ऐकवेल.

डब्यातला आवाज

खोलीच्या मध्यावर उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून 'चर्रर्र' असा धातूचा आवाज आला तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये तो चेंडूसारखा उडतोय. शहाबादी, गुळगुळीत गिलावा, स्टीलचं कपाट. आपल्या घरांत तो येणारच.

सोलापुरात याचं औषध घरोघरी आहे. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते अंगावर घेण्यासाठी, ध्वनिशास्त्रासाठी नाही, हे मान्य. तरी दोन जाड चादरी एकावर एक, भिंतीला चिकटवून नव्हे तर चार-सहा इंच सोडून दोरीवर टांगल्या की टाळीमागचा 'चर्र' मरतो. अंतर सोडायला विसरू नका, हवेचा तो पोकळ थरच चादरीला जास्त काम करू देतो. मात्र चादर वरचे स्वरच खाते, खर्जाला ती दिसतही नाही. त्यासाठी कापसाची गादी कोपऱ्यात उभी करा. अंड्यांचे ट्रे, एक इंची फोमचे चौकोन यांवर पैसे आणि भिंत दोन्ही खराब करू नका. आणि हे सगळं खोलीच्या आतल्या घुमण्यावरचं औषध आहे. बाहेरची खटखट चादरीने अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, वीट, जाड काच, फटी बुजवलेलं दार. खिडकीच्या फटी बुजवल्याने मला चादरींपेक्षा जास्त फायदा झाला.

आमच्या खोलीचा आणखी एक आजार आहे: लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फुटांच्या आसपास. दहा फुटी भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर घुमतो आणि त्याच्या दुप्पट, ११२ च्या आसपासचाही. गिटारची पाचवी तार, ए, ११० वर आहे. खोलीच्या मधोमध बसून वाजवलं की ए तार ढोलासारखी फुगायची आणि मी गिटारला दोष द्यायचो. हा दुपटीचा स्वर मधोमध सर्वांत जास्त आणि भिंतीपासून अडीच फुटांवर सर्वांत कमी असतो. म्हणून खुर्ची अडीच-तीन फुटांवर सरकवली. दुसरं काही केलं नाही.

गिटार

गिटारचं गोल भोक दिसलं की माइक तिकडेच न्यावासा वाटतो, आवाज तिथूनच येतो ना. तिथून येतो तो मुख्यतः आतल्या हवेचा धुम्मा, मोठ्या पोटाच्या गिटारला तो १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. माइक बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर, मान जिथे पोटाला मिळते तिथे, एका वीतभर अंतरावर ठेवा आणि तोंड किंचित भोकाकडे वळवा. मग हेडफोन लावून, वाजवत वाजवत, खुर्ची इंच-इंच सरकवा. दोन इंचांत आवाज इतका बदलतो की दोन वेगळ्या माइकांमध्ये तेवढा फरक नसतो.

इथे मी कंडेन्सरच्या बाजूने आहे. बोटांनी हळू वाजवणाऱ्याच्या गिटारला डायनॅमिक लावला तर गेन वाढवत वाढवत सूंच्या राज्यात जातो. शिवाय एसएम ५८ ची किंवा त्याच्या वाद्यांसाठीच्या भावाची, एसएम ५७ ची, वरची बाजू १५,००० हर्ट्‌झच्या आसपास संपते, त्यामुळे तारेचा लखलखाट थोडा कमी. पेन्सिलीसारखा, आत छोटा डायफ्राम म्हणजे पडदा असलेला कंडेन्सर तारेची सुरुवात, तो नखाचा पहिला स्पर्श, चांगला पकडतो. पण पिकने ठोकून स्ट्रमिंग करणाऱ्याला ५७ पुरतो, आणि गर्दीच्या मिक्समध्ये कधीकधी बराही वाटतो.

गिटारवर खर्ज कापताना जपून. सहावी तार ८२ हर्ट्‌झवर आहे. गळ्यासाठी ठेवलेला १०० चा कट गिटारलाही लावला तर तिचा पाया जातो. ६०-७० च्या वर जाऊ नका.

एक घरगुती गोष्ट. "सर, माइकमध्ये गिटार मेल्यासारखी येते" म्हणणाऱ्याच्या तारांवरून मी आधी बोट फिरवतो. बोट काळं झालं तर माइकची चर्चा तिथेच थांबते.

दोन्ही एकदम

गाणं आणि गिटार वेगवेगळं रेकॉर्ड करा, आधी क्लिकवर (ठेक्याच्या टिकटिकीवर) गिटार, मग गळा. निम्म्या तक्रारी जन्मतच नाहीत. पण काहींचं गाणं हातात गिटार असल्याशिवाय येतच नाही, लय तिथेच असते. त्यांना दोन माइक लावावेच लागतात, आणि मग तक्रार येते: "एकेक ट्रॅक चांगला वाटतोय, दोन्ही लावले की गळा पोकळ होतो."

ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. गळ्याचा माइक तोंडापासून १० सेंटिमीटर आणि गिटारचा माइक तोंडापासून ४४ सेंटिमीटर असेल, तर गळा दुसऱ्या माइकमध्ये एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्‌झला एक ट्रॅक वर जात असताना दुसरा खाली जातो आणि दोघे एकमेकांना खातात. तसंच १५०० ला, २५०० ला. कंगव्याचे दात पडल्यासारखी भोकं पडतात, आणि ती नेमकी गळ्याच्या मुलखात.

भोकं पूर्ण बुजत नाहीत, उथळ करता येतात. गळ्याचा माइक तोंडापासून जितका, त्याच्या निदान तिप्पट अंतर गिटारच्या माइकचं तोंडापासून ठेवा. गिटारचा माइक खालून वर नव्हे, वरून खाली झुकवा, म्हणजे त्याची पाठ तोंडाकडे येईल. सुपरकार्डिऑइड, म्हणजे कार्डिऑइडहून अरुंद ऐकणारा माइक असेल तर त्याचा बहिरा कोन थेट मागे नसून मागच्या बाजूला तिरका, साधारण १२६ अंशांवर असतो, तो तोंडाकडे येईल असं फिरवा. मग सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर रेघ मारलेल्या शून्याचं, म्हणजे लाट उलटी करणारं, बटण दाबून पाहा. ज्यात गळा भरीव वाटतो ते ठेवा. इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा ऐकणारा माइक याहून चांगला, कारण तो पुढून-मागून ऐकतो आणि दोन्ही कुशींना ठार बहिरा असतो, पण एवढ्यासाठी तो विकत घ्या असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि एका माइकला कमी लेखू नका. छातीच्या उंचीवर, दीड फुटावर एकच कंडेन्सर. गळा कमी पडला तर वर, गिटार कमी पडली तर खाली. कंगवा नाही, पोकळपणा नाही. फक्त त्या दीड फुटात सगळा मोहल्ला येतो, म्हणून वेळ शोधावी लागते.

मग घेऊ काय?

पहिलाच आणि एकच घ्यायचा असेल, घर माझ्यासारखं गजबजलेलं असेल आणि गळा मुख्य असेल, तर एसएम ५८ सारखा डायनॅमिक आणि दोन इनपुटांचा साधा इंटरफेस. ५८ च्या नकला बाजारात खूप फिरतात, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. गिटार मुख्य असेल, बोटांनी वाजवत असाल, आणि जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला आतल्या शांत सोसायटीत राहत असाल, तर कंडेन्सर आधी. यूएसबी माइक सोयीचा, पण उद्या दुसरा जोडायचा म्हटलं की अडतं, म्हणून मी इंटरफेसच्या बाजूने आहे. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर गळ्याला डायनॅमिक, गिटारला पेन्सिल कंडेन्सर. स्टँड मात्र जड घ्या. हलका स्टँड मेमध्ये पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा डुलतो.

पंख्याचं विचारलंच तर, बंद. मे महिन्यात बेचाळीस अंशांना तीन मिनिटांचं एक गाणं पंख्याविना गाता येतं, दोन नाही. टेकनंतर पंखा लावा, घाम पुसा, गिटार पुन्हा सुरात लावा, कारण ती तोवर उतरलेली असते.

माझं सगळ्यांत स्वच्छ रेकॉर्डिंग कोणत्या माइकने झालं असं पोरं विचारतात. ते झालं लाइट गेल्यावर. माग बंद, मोटारी बंद, पंखे बंद, घुं बंद. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवरच चालणारा, इन्व्हर्टरचा खटका मीच पाडलेला. चाळीस मिनिटं मिळाली, चार टेक झाल्या, शेवटच्या टेकच्या शेवटच्या ओळीला लाइट आली आणि बोळापलीकडचे माग एकेक करत सुरू झाले. ती ओळ तेवढी पुन्हा घ्यायची राहिली आहे. आता एक पोरगं लाइट गेली की मला फोन करतं, "सर, गेली!" आणि लगेच ठेवतं. मीही उचलून बोलत बसत नाही.